त्रीनला दिलेली सोळा फुलं

मंगळवारी कुणी सौना तापवतं का? एल्वीच्या आईची सौना, परसातली ती वाफेच्या अंघोळीची खोली, शनिवारी तापायची, आजीची शनिवारी तापायची. रशियन आले तेव्हा शनिवारीच तापत होती आणि ते गेले त्या आठवड्यातही शनिवारीच तापली. आठवडाभर राबायचं आणि शनिवारी अंगावरचं सगळं धुऊन टाकायचं, मग ती शेणमाती असो की कुणाशी झालेली बोलाचाली. पण एल्वीची लेक त्रीन टॅलिनहून सामान घेऊन कायमची परत आली आणि तिनं मंगळवार धरला. दुपार कलली की लाकडं उचलायची, एकटीच आत जाऊन बसायची, बाहेर यायचं नाव नाही. शनिवारी शेजारची मेएता टॉवेल खांद्यावर टाकून आली की हिचं डोकं दुखायला लागायचं.

पहिल्या मंगळवारी एल्वीनं काही म्हटलं नाही. दुसऱ्या मंगळवारी म्हणाली, "लाकडं काय झाडाला लागतात?"

"हो," त्रीन म्हणाली. "झाडालाच लागतात."

त्या आठवड्यात लेकीच्या तोंडून निघालेलं एवढं एकच धड वाक्य. बाकी सगळं हूं आणि हं. बटाटे वाढले तर हूं, मासे वाढले तर हं. जेवायचीही उभ्यानं, खिडकीशी, बाहेर काहीतरी यायचं राहिलंय असं बघत. फोन वाजला की उचलून पालथा ठेवायची.

एल्वी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. शाळा सात यत्तांवर सुटली, पण सामुदायिक शेती होती तोवर गावच्या मोठ्या गोठ्याची मुकादम तीच. गाईंपेक्षा माणसं हाकायला सोपी असं तिचं मत होतं, आणि ते तिनं शेतीच्या अध्यक्षाच्या तोंडावरही सांगितलं होतं. नवरा उलो गेला त्याला चार वर्षं झाली. मुलगा फिनलंडला बांधकामावर. आधी दर पंधरवड्याला यायचा, मग नाताळला आणि जूनमधल्या शेकोट्यांच्या सणाला, आता नुसता नाताळला. त्यामुळे त्रीन येणार म्हटल्यावर एल्वीनं तिची खोली रंगवून घेतली होती, पडदे धुतले होते, डुकराच्या मांसाची थिजवलेली जेली करून ठेवली होती. आपण आनंदात आहोत हे कुणाला दिसू नये म्हणून मेएताला म्हणाली होती, "आता दोघींचं रांधावं लागणार, दुसरं काय." एकटी होती तेव्हा घर गप्प होतं. आता दोघी होत्या आणि घर दुप्पट गप्प झालं होतं. हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

त्रीन फुटबॉल खेळायची, स्ट्रायकर होती. सोळा वर्षं टॅलिनच्या मेरेतुउल क्लबकडून खेळली, त्यातली बरीच वर्षं देशाच्या संघातूनही. त्या खेळानं पोट भरत नव्हतं. सकाळी बेकरीत पाव भाजायचे, संध्याकाळी सराव करायचा. गुडघा दोनदा कापला, दोनदा शिवला. तिला लहानपणी उलोनं नादाला लावलं. जुन्या मोस्कविच गाडीतून तोच तिला तालुक्याला न्यायचा, मैदानाकडेला डबा घेऊन उभा राहायचा. एल्वीनं मैदानावर जाऊन सामना पाहिला तो एकदाच, देशाच्या संघाचा. परक्या देशाच्या पोरी, सगळ्या खांबासारख्या उंच. एस्टोनियाच्या दहाजणी आपल्या गोलापाशी धावून धावून घामाघूम झालेल्या, आणि त्रीन दूर पुढे, मैदानाच्या मधोमध, एकटी. कळप पुढे गेला आणि एक गाय मागे राहिली, असं काहीसं, फक्त उलट. अख्ख्या सामन्यात तिच्याकडे चेंडू दोनदा आला.

परतताना गाडीत एल्वी म्हणाली होती, "चेंडू असतो तिथं का नाही उभं करत तिला?"

"अगं, ती स्ट्रायकर आहे. तिनं तिथंच राहायचं असतं. चेंडू आला तर ती तिथं हवी."

"आणि नाही आला तर?"

"तरी हवी," उलो म्हणाला होता.

एल्वीला हे काम काही पटलं नाही. पण गावात कुणी त्रीनला नाव ठेवलं तर त्याची खैर नव्हती.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी दुकानाची गाडी आली. पायुसारे गावात घरं पुष्कळ, पण धूर निघणारी धुराडी मोजकीच. दुकान केव्हाच बंद पडलेलं. आर्वो गाडी बसथांब्यापाशी लावतो, मागची दारं उघडतो, आणि म्हाताऱ्या पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहतात. मेएता आधीच पुढे होती.

"तुमची त्रीन काल रस्त्यात दिसली," पाव काढता काढता आर्वो म्हणाला. "मी हॉर्न वाजवला, एल्वीबाई. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शंका आली, मी गाडीत आहे की नाही."

"एवढी पिवळी गाडी कुणाला दिसत नाही? बघितलं म्हणजे ओळखलं," एल्वी म्हणाली.

"माझ्याकडे तर बघतही नाही," मेएतानं तोंड घातलं. "परवा म्हटलं, ये गं कॉफीला, सफरचंदाचा केक केलाय. म्हणाली, हो. मी कप मांडून बसले. आलीच नाही. हो म्हणून न येणं, ही कुठली रीत?"

"तुझा केक पूर्वी खाल्लाय तिनं. म्हणून."

"माझ्या केकला काय झालंय?"

"काही नाही. दात मजबूत लागतात, एवढंच."

आर्वो हसू दाबत मासे मोजू लागला. मग आठवल्यासारखा म्हणाला, "हां, शाळेतल्या सिर्येबाई काल भेटल्या. खेळाचे मास्तर निघून गेलेत, तुम्हाला माहीतच असेल. त्यांनी त्रीनला विचारलंय, सुट्टी संपली की सोमवारपासून येशील का म्हणून. चार-पाचदा फोन केला, ती उचलत नाही. बुधवारपर्यंत वाट बघते म्हणाल्या, नाहीतर शहरातून कुणी येतोय त्याला हो म्हणणार. निरोप सांगा म्हणाल्या."

एल्वीला यातलं काडीइतकंही माहीत नव्हतं. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "विचार चाललाय तिचा. आमच्याकडे विचार करून हो म्हणतात."

मेएतानं नुसती मान हलवली, आणि ती मान हलवणं एल्वीला केकवरच्या सगळ्या वादापेक्षा झोंबलं.

घरी येऊन पिशवी ठेवली. त्रीन परसात लाकडं फोडत होती, पाठमोरी, टोपी कानांवर ओढलेली. दार उघडून दोन शब्द सुनावावेत असं एल्वीच्या जिभेवर आलं होतं. पण आता सुनावलं तर ही आणखी एक हूं देईल आणि उद्याची मुदतही निघून जाईल. मग ही मुलगी त्या खिडकीशी उभी राहील, या वर्षी आणि पुढच्याही, आणि एक दिवस एल्वीच राहणार नाही आणि ही एकटीच बटाटे उकडेल. एल्वीनं दार न उघडता दंताळं उचललं आणि कबरस्तानाची वाट धरली. नोव्हेंबर तोंडावर आला होता. पितरांचे दिवस. पानं काढायची राहिली होती.

कबरस्तान पाइनच्या झाडांखाली, टेकडीवर. प्रत्येक घराण्याच्या जागेवर वाळू पसरलेली असते, आणि निघताना मागे मागे सरकत दंताळ्यानं रेघा ओढून यायच्या, म्हणजे आपलं पाऊल उरत नाही. एल्वी रेघा तिरक्या ओढते, माशाच्या काट्यांसारख्या. तिची आई तशाच ओढायची. आज वाळूवर रेघा होत्या, पण सरळ आणि घाईच्या. आणि उलोच्या दगडापाशी गुलाब.

लाल गुलाब, लांब देठांचे, महागातले. गोठलेल्या दहिवरानं कडा काळ्या पडलेल्या. एल्वीनं आधी मोजले. फुलं दिसली की इथं प्रत्येकजण आधी मोजतो. जिवंताला विषम, मेलेल्याला सम. हे पाळण्यातून उतरलेल्या पोरालाही कळतं. सोळा होते. बरोबर होते. त्रीननं आणले असणार, बापाला एवढे महाग गुलाब, असं म्हणून ती सुखावलीच. मग वाकून तिनं रिबन सरळ केली, निळी, वर सोनेरी अक्षरं. चष्मा घरी राहिला होता. डोळे बारीक करून तिनं एकेक अक्षर जुळवलं.

त्रीन कोल्गा. २००६ ते २०२२. कायम आठवणीत राहशील.

एल्वी तिथंच उलोच्या दगडावर बसली. असं तिनं कधी केलं नव्हतं.

फुलं बापाला आणलेली नव्हती. फुलं त्रीनची होती. त्या क्लबानं शेवटच्या सामन्याला निरोप दिला तेव्हाची, म्हणजे येऊन पडली त्या आठवड्यातली. एक वर्ष, एक गुलाब, असा हिशेब केला असणार कुणा शहाण्यानं. आणि वर नाव, आणि दोन सालं, दगडावर कोरतात तशी. ते तिच्या हातात दिलं असेल. सगळ्यांच्या देखत. आणि कुणी एका शब्दानं काही म्हटलं नसेल, कारण आपल्या लोकांचं तोंड उघडतं ते एकतर गाणं म्हणायला, नाहीतर जेवायला.

तिनं रिबनीची गाठ सोडली. बोटं गारठली होती, वेळ लागला. कबरस्तानातली वस्तू घरी न्यायची नसते. वाळकं पानसुद्धा नाही. एल्वीनं ती रिबन घडी करून कोटाच्या खिशात घातली.

"फुलं तू ठेव," ती दगडाला म्हणाली. "सोळा आहेत, तुला चालतात. नाव मी घेऊन चालले."

मग तिरक्या रेघा ओढत मागे मागे फाटकापर्यंत आली.

घरी पोचली तेव्हा अंधारून आलं होतं आणि सौनेच्या धुराड्यातून धूर निघत होता. एल्वी सरळ तिकडेच गेली. बाहेरच्या खोलीत त्रीनचे कपडे खुंटीला, बाकावर फोन, पालथा. एल्वीनं कपडे उतरवले, रिबन मुठीत धरली आणि आतलं दार ओढलं.

त्रीन वरच्या फळीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. "आज मंगळवार आहे, आई," ती म्हणाली.

"माहीत आहे. सरक."

सौनेत आवाज चढवायचा नाही. शिव्या नाहीत, भांडण नाही, शिट्टीसुद्धा नाही. देवळात वागतो तसं वागायचं. एल्वीच्या आईनं यावरून एल्वीच्या नवऱ्यालाही एकदा ओल्या अंगानं बाहेर काढलं होतं. आणि आता, वाफेत डोळे मिटून बसल्यावर, एल्वीच्या ध्यानात आलं की ही पोरगी मंगळवारी इथं का येते. अख्ख्या घरादारात एल्वीची जीभ बांधलेली असते ती हीच एक जागा.

ती खाली उतरली, भट्टीचं दार उघडलं आणि मूठ आत रिकामी केली. फडफड झाली. प्लास्टिकची घाण सुटली.

"काय जाळलंस?"

"तुझं थडगं."

त्रीननं भट्टीकडे पाहिलं. मग आईकडे. हूं मात्र केलं नाही.

"पालथी पड," एल्वी म्हणाली. "पाठ बघू."

बर्चच्या डहाळ्यांची जुडी तिनं गरम पाण्यातून काढली, झटकली आणि लेकीच्या पाठीवर हलके हलके मारू लागली. जूनमध्ये तिनंच बांधलेली, पानं अजून पक्की होती. गुडघ्यावरचे व्रण वाफेनं गुलाबी झाले होते. पालथं पडलेल्या माणसाला तोंड दाखवावं लागत नाही, म्हणून असेल, थोड्या वेळानं त्रीन आपणहून बोलली.

"सोळा होती."

"मोजली मी."

"मीही. हातात घेताघेताच. सगळ्यांनीच मोजली असणार. ऑफिसात नवी पोरगी आहे, तिनं मागवली. जीव तोडून केलं बिचारीनं सगळं. दर वर्षाचं एक."

"एक काढून टाकायचं होतंस."

"अख्ख्या मैदानासमोर?"

"अख्खं मैदान म्हणजे किती माणसं?"

त्रीन फळीत तोंड खुपसून हसल्यासारखं काहीतरी करती झाली. "ऐंशी असतील. कुत्रा धरून."

"आणि तुझ्या पोरी? कुणीच काही म्हणालं नाही?"

"रांगेत उभ्या होत्या, माना खाली घालून. टाळ्या वाजवल्या. कॅप्टननं मिठी मारली आणि कानात म्हणाली, माफ कर. मला वाटलं, फुलांचं म्हणते. मग कळलं, तिनं माझ्या पायावर पाय दिला होता."

एल्वीनं जुडी पाण्यात बुडवली. "मग?"

"मग शिट्टी झाली. त्या खेळायला लागल्या. मी फुलं घेऊन वर जाऊन बसले. माझ्या जागेवर एकोणीस वर्षांची पोर आहे. चांगली आहे, आई. तिच्याकडे तीनदा चेंडू आला, तिनं दोन गोल केले. आणि मी तिथं बसून बघत होते, सोळा फुलं मांडीवर. वाटलं, हे लोक आता निघताना, मयताला करतात तसे, माझ्या घरच्यांशी हात मिळवून जातील."

वाफ खाली बसली होती. एल्वीनं डावभर पाणी दगडांवर टाकलं. दगड फुसफुसले.

"आणि बापाकडे का नेलीस? घरी का नाही आणलीस?"

"घरी आणली असती तर तू मोजली असतीस."

हे खरं होतं. एल्वीनं तिची पाठ आणखी चारदा झोडली, जरा जोरात.

"बाबांना चालली असती," त्रीन म्हणाली. "ते हसले असते. म्हणून त्यांच्याकडे."

"सिर्येचा फोन का उचलत नाहीस?"

लाकूड तडकलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. मलाच पावाच्या गाडीवर कळलं."

त्रीन उठून बसली. केसांतून पाणी गळत होतं, त्यामुळे रडते की नाही ते कळत नव्हतं, आणि एल्वीनं बघायचा प्रयत्नही केला नाही. "मला काही येत नाही, आई. बाकीच्या अडवायला शिकल्या, पळवायला शिकल्या. मी पुढे उभी राहायचे आणि मागे वळून बघायचे, कुणी माझ्याकडे देतंय का. तीसेक पोरांना काय शिकवू? एकटं उभं राहायला? ते तर त्यांना इथं राहून येणारच आहे."

एल्वीच्या तोंडाशी शब्द आले, भरभरून आले, आणि तिनं ते गिळले, कारण आई मेली होती तरी सौना आईचीच होती. गार पाण्याची बादली उचलून तिनं स्वतःच्या डोक्यावर ओतली. उरलेली लेकीच्या.

"चल बाहेर," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत दोघी टॉवेल गुंडाळून बाकावर बसल्या. खांद्यांवरून वाफ निघत होती. एल्वीनं काळ्या पावाचं आंबवलेलं पेय दोन मगांत ओतलं, एक तिच्या हातात दिला. मग बाकावरचा फोन उचलून सुलटा केला आणि तिच्या मांडीवर ठेवला. काचेवर सिर्येचं नाव होतं, सकाळचं आणि दुपारचं.

"आता जेवत असेल ती," त्रीन म्हणाली.

"सहा वाजता कोण जेवतं?"

त्रीननं फोन हातात घेतला. अंगठा वर धरला आणि तसाच राहिला. दार उघडं होतं, गार वारा पायांवर येत होता. पलीकडे मेएताच्या खिडकीत दिवा लागला होता.

"काय सांगू तिला?" तिनं विचारलं.

आता सौनेबाहेर होत्या. आता बोलायला हरकत नव्हती. पण एल्वीचा आवाज तिला वाटला होता तितका चढला नाही.

"हे बघ, पोरी. मी माझी आई पुरली, माझा नवरा पुरला. मेलेलं माणूस कसं असतं ते मला कळतं. ते लाकडं फोडत नाही आणि मेएताला नाही म्हणायला लाजत नाही. तू मेलेली नाहीस. तू मानी आहेस, ते माझ्याकडून आलंय, ते मी खपवून घेईन. पण तुला मेलेल्याची फुलं दिली, तेव्हा तोंड उघडून म्हणायचं होतंस, बाई, एक परत घे, मला अजून भूक लागते. म्हणाली नाहीस. घेऊन आलीस, आणि तेव्हापासून ती खरी करून दाखवत बसलीयेस. त्या पोरीची चूक एका फुलाची होती, त्रीन. तुझी तीन आठवड्यांची आहे. सिर्येला सांग, सोमवारी येते. काय शिकवायचं ते मंगळवारी ठरव. लाव आता, माझे पाय गारठले."